पॅट चाचणी नेमकी कुणाची परीक्षा घेते?

जुलै-ऑगस्ट उजाडला की ठाणे-नवी मुंबईतल्या महापालिका आणि अनुदानित शाळांच्या पालकांना एक निरोप येतो: अमुक तारखेपासून पॅट आहे, मुलांना घरी ठेवू नका. मग शाळेच्या फाटकाशी प्रश्न सुरू होतात. ही कुठली नवी परीक्षा? आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना? याचे गुण प्रगतिपुस्तकात धरणार का? शेजारच्या सोसायटीतल्या सीबीएसईच्या मुलाला ती का नाही? आणि एखादी आई जरा बाजूला घेऊन विचारते, "आमची शाळा यात मागे पडली तर बंद करतील का?"

तिला आधी उत्तर देते. पॅटचे गुण कमी आले म्हणून शाळा बंद करावी असा नियम नाही. शाळा बंद करण्याची किंवा जवळच्या शाळेत मिसळण्याची चर्चा होते ती पटावरून, म्हणजे मुलांच्या संख्येवरून. पण तिची भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. राज्यभर एकच चाचणी घेऊन त्यावरून शाळांना जाब विचारण्याचा प्रयोग जगात झाला आहे आणि त्यात शाळा बंदही पडल्या आहेत. मूल कुठे अडले हे शोधायला चाचणी घेणे आणि शाळेला धारेवर धरायला चाचणी घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती एकाच कागदावर उरकायला गेले की पहिले काम बिघडते. मला चाचणी हवी आहे, दरवर्षी हवी आहे. पण तिच्या निकालावरून मदत कुठे पाठवायची हे ठरावे आणि ती मदत पोहोचली की नाही याचा जाब शाळेच्या वर बसलेल्यांनाही द्यावा लागावा.

आधी नावांचा गुंता सोडवू

पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. महाराष्ट्रासह ६ राज्यांत जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राबवलेल्या 'स्टार्स' या केंद्राच्या प्रकल्पाखाली ती २०२३-२४ पासून सुरू झाली. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद प्रश्नपत्रिका काढते. वर्षातून तीन वेळा चाचणी होते: सुरुवातीला पायाभूत, दिवाळीच्या आसपास संकलित १ आणि एप्रिलमध्ये संकलित २. विषय तीनच, पहिली भाषा, गणित आणि इंग्रजी. दुसरी-तिसरीपासून आठवी-नववीपर्यंतचे वर्ग यात येतात, कोणते ते वर्षागणिक थोडे बदलते. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी असे धरून १० माध्यमांत पेपर निघतात, त्यामुळे मुंब्र्याच्या उर्दू शाळेतले मूल आणि घणसोलीच्या मराठी शाळेतले मूल एकाच धर्तीचा पेपर सोडवते. पेपर वर्गशिक्षकच तपासतात आणि प्रत्येक मुलाचे गुण मोबाइलवरून चॅटबॉटमध्ये, म्हणजे गप्पांसारखे प्रश्न विचारून माहिती घेणाऱ्या संगणकीय प्रणालीत भरतात.

पायाभूत चाचणीचे गुण प्रगतिपुस्तकात येत नाहीत. ती मागच्या इयत्तेवर असते, नवीन वर्षाची गाडी कुठून सुरू करायची एवढेच तिच्यातून पाहायचे. संकलितचे तसे नाही. पॅट झालेल्या विषयांची वेगळी परीक्षा घेऊ नये, तेच गुण संकलित मूल्यमापनाला धरावेत, अशा सूचना शाळांना दिल्या गेल्या. म्हणजे एकाच पेपरवर दोन ओझी आली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरे नाव 'परख'. हे केंद्राचे. ४ डिसेंबर २०२४ ला देशभर एकाच दिवशी तिसरी, सहावी आणि नववीच्या सुमारे २१ लाख मुलांची पाहणी झाली. पूर्वी यालाच राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण म्हणत, ते २०१७ आणि २०२१ मध्ये झाले होते. यात सगळी मुले बसत नाहीत. काही शाळा निवडतात, त्यातली काही मुले निवडतात, आणि त्यावरून जिल्ह्याचा अंदाज बांधतात. खासगी शाळाही यात असतात. निकाल जिल्ह्याचा आणि राज्याचा लागतो, मुलाचा किंवा शाळेचा नाही.

तिसरे 'असर'. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून हे सर्वेक्षण करते. स्वयंसेवक घरी जाऊन मुलाला समोर बसवून वाचायला लावतात, साधी वजाबाकी-भागाकार करायला लावतात. २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले ४८.८ टक्के निघाली. २०२२ मध्ये हा आकडा ४२.८ होता. पण 'असर' फक्त गावांत जाते. शहापूर-मुरबाड त्यात येऊ शकतात, कळवा-कोपरी-तुर्भे नाही.

सगळ्या राज्याला एकच पेपर कशाला?

शाळा स्वतःच्या परीक्षा घेतेच. मग पुण्याहून पेपर कशाला?

शाळेच्या पेपरमधून त्या वर्गापुरतेच कळते. एका शाळेने सोपा पेपर काढला, दुसरीने कठीण, तर ८० आणि ५५ या गुणांची तुलनाच होऊ शकत नाही. शिवाय आपल्या मुलांना काय येते हे शिक्षकाला ठाऊक असते, पेपर नकळत तिकडे झुकतो. त्यात वाईट हेतू नसतो, पण राज्याला चित्र हवे असेल तर मापट्याच्या खुणा सगळीकडे सारख्या हव्यात. सारखा पेपर, तपासणीचे सारखे नियम, सारखा वेळ: प्रमाणित चाचणी म्हणतात ती एवढीच.

आणखी एक कारण मला जास्त जवळचे वाटते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्यात आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायचे नाही असे ठरले. त्याच्या जागी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कल्पना उत्तम होती: वर्षभर मुलाकडे बघत राहा, एका पेपरवर त्याचे भवितव्य ठरवू नका. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी वर्णनात्मक नोंदींची वही भरली गेली, 'आत्मविश्वासाने बोलतो', 'गटात सहभागी होतो', आणि सहावीत गेलेल्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नाहीत हे वर्षानुवर्षे कुणाच्या कागदावर उमटले नाही. अशा मुलासाठी सारखी चाचणी ही जागा आहे जिथे तो निदान दिसतो. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात पायाभूत चाचण्या आल्या त्या यासाठीच.

चुकीच्या उत्तरात काय असते

आता पेपरच्या जवळ जाऊ. चौथीच्या मुलांपुढे ५०३ वजा १७८ हे गणित ठेवा. बरोबर उत्तर ३२५. मी संध्याकाळी महापालिका शाळेतल्या मुलांना गणित शिकवते, आणि या गणिताची चुकलेली उत्तरे पुन्हा पुन्हा त्याच तीन वाटांनी येतात.

एक मूल लिहिते ४७५. त्याने प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान अंक वजा केला: आठातून तीन पाच, सातातून शून्य सात, पाचातून एक चार. वरचा अंक लहान असला तर काय करायचे हेच त्याला माहीत नाही. दुसरे लिहिते ३३५. याला हातचा घेता येतो, पण मधल्या शून्याशी अडखळते. शतक सुटे करून दहा दशक केले, त्यातला एक दशक एककाला दिला, मग नऊ उरायला हवेत, याने दहाच धरले. तिसरे लिहिते ४२५. याने एकक-दशक अचूक केले, फक्त शतकातून एक गेला हे विसरले.

तिघांनाही गुण शून्य. चॅटबॉटमध्ये तिघांच्या नावापुढे तोच आकडा जाणार. पण पहिल्याला काड्या-गठ्ठे घेऊन दशक सुटा करण्यापासून शिकवावे लागेल, दुसऱ्याला शून्य मध्ये असलेली पाच-सहा उदाहरणे करवून घ्यावी लागतील, तिसऱ्याला नीट मांडणीची सवय लावली की काम झाले. ही माहिती सोन्यासारखी आहे, आणि ती असते उत्तरपत्रिकेत. पेपर तपासून, त्या मुलापाशी बसून, पुढच्याच आठवड्यात त्यावर काम करायला शिक्षकाला वेळ मिळाला तर पायाभूत चाचणीचा पैसा वसूल. गुण भरण्याची मुदत, अडकलेले ॲप, आणि 'आपल्या केंद्रातून अजून इतक्या शाळा बाकी' असे केंद्रप्रमुखांचे (शाळांच्या एका गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचे) निरोप यातच ते दिवस गेले तर मुलाच्या पदरात काहीच पडत नाही.

अंगणवाडीचा वजनकाटा

चाचणीला जबाबदारी जोडली की काय होते ते समजायला अंगणवाडीकडे बघा. सेविका दर महिन्याला मुलांचे वजन करते आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका देते. रेषा खाली झुकली तर मुलाला जास्तीचा आहार, औषध, गरज पडली तर दवाखाना. काटा खरा असेल तरच हे होते.

आता समजा वरून फर्मान आले: ज्या अंगणवाडीत कुपोषित मुले जास्त, तिथल्या सेविकेची वेतनवाढ रोखू. पुढच्या महिन्यात कागदावर मुले जाड होतील. कुणी अर्धा किलो वाढवून लिहील, कुणी अशक्त मुलाला त्या दिवशी बोलावणारच नाही. मुलांच्या पोटात एक घास जास्त गेलेला नसेल, आणि ज्यांना आहार पाठवायचा ती मुले तक्त्यावरून पुसली जातील. काटा मोडला नाही, तरी निकामी झाला. उलट फर्मान असे असते की जिथे वजने कमी तिथे आधी आहार आणि डॉक्टर पाठवू, तर त्याच सेविकेला खरे वजन लिहिण्यातच फायदा दिसला असता.

शाळेचे तंतोतंत असेच आहे.

अमेरिकेने हे पूर्ण ताकदीने करून पाहिले

जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेत 'एकही मूल मागे राहू नये' या नावाचा कायदा झाला. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन आणि गणिताची राज्यस्तरीय चाचणी सक्तीची झाली. २०१४ पर्यंत १०० टक्के मुले प्रवीण झाली पाहिजेत असे लक्ष्य ठरले. लागोपाठ दोन वर्षे प्रगती अपुरी ठरली तर पालकांना मूल दुसऱ्या शाळेत नेण्याची मुभा, पुढे जादा शिकवणी, आणि तरीही जमले नाही तर कर्मचारी बदलणे, शाळेची फेररचना, बंद करणेसुद्धा.

या कायद्याने एक मोठे काम केले आणि ते मान्य केले पाहिजे. शाळेची सरासरी दाखवून भागत नव्हते. कृष्णवर्णीय, लॅटिनो, गरीब, अपंग अशा प्रत्येक गटाचा निकाल वेगळा दाखवावा लागे. चांगल्या सरासरीच्या आड लपलेली मुले पहिल्यांदा दिसली. प्राथमिकच्या गणितात काही सुधारणाही नोंदली गेली.

पण किंमत मोजावी लागली. चाचणीत नसलेले विषय आक्रसले: इतिहास, विज्ञान, चित्रकला, खेळ. 'प्रवीण' कुणाला म्हणायचे हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवणार होते, तेव्हा काहींनी रेघच खाली आणली. ज्या मुलाला पास व्हायला दोन-चार गुण कमी पडतात त्याच्याकडे सगळे लक्ष, आणि जो फार मागे तो 'या वर्षी हाती लागणार नाही' म्हणून बाजूला. अटलांटा शहरात तर शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी मुलांची चुकीची उत्तरे खोडून बरोबर केली. २०११ च्या सरकारी चौकशी अहवालात ४४ शाळांतल्या १७८ जणांची नावे आली, आणि २०१५ मध्ये त्या प्रकरणात ११ जण दोषी ठरले. ज्या मुलांना जादा शिकवणीची गरज होती त्यांच्या कागदावर 'ठीक आहे' असे लिहिले गेले होते. खरा गुन्हा तो.

२०१४ आले, १०० टक्के कुठेच झाले नव्हते. डिसेंबर २०१५ मध्ये नवा कायदा आला. चाचण्या राहिल्या, पण पुढे काय करायचे ते ठरवण्याची मोकळीक राज्यांना मिळाली.

हे आपल्यालाही नवीन नाही

इंग्लंडने १८६२ मध्येच 'निकालाप्रमाणे अनुदान' ही पद्धत आणली होती. तपासनीस वर्षातून एकदा यायचा, वाचन-लेखन-अंकगणित तपासायचा आणि त्यावर शाळेचे पैसे ठरायचे. मुले वाचनाचे पुस्तक पाठ करू लागली. तीच रीत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही १९ व्या शतकात लागू झाली. इंग्लंडने ती शतकाच्या अखेरीस सोडून दिली.

आणि अगदी अलीकडचे, आपल्या अनुभवातले: पट. शिक्षकांची पदे आणि अनुदान मुलांच्या संख्येवर ठरते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्याने सगळ्या शाळांची एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी केली, मुलांच्या बोटाला शाई लावून. पटावरची लाखो मुले वर्गात सापडलीच नाहीत. हजेरीसारखी डोळ्यांना दिसणारी गोष्ट जिथे कागदावर फुगते, तिथे ज्याचा पेपर त्याच वर्गाचा शिक्षक तपासतो त्या गुणांचे काय होईल?

मध्य प्रदेशात संशोधकांनी सरकारी चाचणी दिलेल्या मुलांची त्याच प्रश्नांवर पुन्हा स्वतंत्र तपासणी केली, तेव्हा सरकारी गुण बरेच फुगलेले आढळले. तिथे शाळेवर मोठी कारवाईही होणार नव्हती, तरीही. आपल्याकडे पॅटचे पेपर आधीच यूट्यूबवर आल्याच्या बातम्या आल्या आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलाचा निदानासाठीचा पेपर फोडावासा कुणाला वाटतो, याचा विचार केला तर दबाव कुठवर पोहोचला आहे ते कळते.

दोन शाळा, दोन आकडे

समजा (आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत) नेरूळच्या एका शाळेत पायाभूतला सरासरी ७६ आली आणि एप्रिलमध्ये ७९. तुर्भ्याच्या दगडखाणीजवळच्या शाळेत पायाभूतला ३१ आणि एप्रिलमध्ये ५०. यादी लावली तर नेरूळ वर, तुर्भे खाली. पण वर्षभरात कुठल्या शाळेने जास्त शिकवले?

पहिल्या शाळेत आईवडील दोघे शिकलेले, घरी पुस्तके, संध्याकाळी शिकवणी. दुसऱ्या शाळेत मूल घरी वडारी किंवा हिंदी बोलते, शाळेत मराठी, आणि धाकट्या भावंडाला सांभाळून येते. नुसती पातळी मोजली तर आपण बव्हंशी घरची परिस्थिती मोजतो. शाळेचे काम मोजायचे तर मूल कुठून कुठे गेले ते बघावे लागते. वर्षात तीन चाचण्या घेण्याचा खरा फायदा हाच आहे, सुरुवातीचा आकडा हाती असतो. पण यातही एक सापळा आहे. शाळेला वाढीवरून जोखणार असे कळले की पायाभूतचा पेपर कडक तपासायचा आणि एप्रिलचा सैल, एवढे केले तरी वाढ दिसते.

लहान शाळांचा प्रश्न आणखी वेगळा. मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरच्या शाळेत एका वर्गात ६ मुले असतील, तर एका मुलाला त्या दिवशी ताप आला की टक्केवारी १६-१७ ने हलते. अशा आकड्यावरून 'शाळा घसरली' म्हणणे म्हणजे अंधारात दगड मारणे. त्यात स्थलांतर. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. जुलैची चाचणी त्या मुलाने दिली, एप्रिलची दिली नाही. कागदावर तो फक्त 'गैरहजर'. भट्टी भिवंडी तालुक्यात असेल तर त्याला तिथल्या शाळेने सामावून घेतले का, हा जाब कुठल्या शाळेला विचारायचा? दोन्ही शाळांच्या वर जो अधिकारी आहे, त्यालाच.

आणि 'परख'मधला ठाणे जिल्ह्याचा आकडा वाचताना हे आठवा की या एका जिल्ह्यात ६ महानगरपालिका आहेत आणि शहापूर-मुरबाडचे पाडेही. घोडबंदर रोडची खासगी शाळा आणि डोळखांबकडची आश्रमशाळा यांची सरासरी काढून जो आकडा येतो, तो दोघींपैकी एकीचेही वर्णन करत नाही.

"म्हणजे शाळांना जाब विचारायचाच नाही?"

विचारायचा. सरकारी शाळेत मूल पाठवणाऱ्या आईकडे दुसरी वाट नसते, म्हणून तिच्या वतीने जाब विचारणे जास्तच गरजेचे. जो शिक्षक वर्गावर जात नाही त्याच्यावर कारवाई व्हावी, पण ती गैरहजेरीच्या पुराव्यावर. त्यासाठी मुलांच्या गुणांचा आडमार्ग नको.

जाबाची साखळी मात्र पूर्ण हवी. शिक्षण हक्क कायद्यात वरच्यांची कर्तव्येही लिहिली आहेत, ती आपण वाचत नाही. प्राथमिकला ३० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून जास्त रिकामी राहू नयेत. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. 'आम्हाला शिकवू द्या' अशी मागणी घेऊन शिक्षकांना रस्त्यावर उतरावे लागते, याचा अर्थ हे शेवटचे कलम कागदावरच आहे. ज्या शाळेत दोन वर्गांना मिळून एक शिक्षक आहे, तिचे गुण जाहीर करताना शेजारच्या रकान्यात रिकाम्या पदांची संख्या आणि ती किती महिने रिकामी आहेत हेही छापले, तर कुणाचा निकाल लागला ते वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

"चांगल्या निकालाला बक्षीस दिले तर?"

हा प्रश्न रास्त आहे, कारण आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत मुलांच्या प्रगतीवर शिक्षकांना बोनस देण्याचा मोठा प्रयोग झाला आणि मुलांचे गुण खरोखर वाढले. पण तिथे चाचणी बाहेरच्या संस्थेने घेतली, प्रगती सुरुवातीच्या पातळीवरून मोजली, आणि शिक्षा कुणालाच नव्हती. ही सगळी काळजी घेऊन राज्यभर लाखो मुलांसाठी हे करणे फार अवघड आहे. पेपर स्वतः तपासा, गुण स्वतः भरा आणि त्यावर बोनस घ्या, असे केले तर ते अंगणवाडीचे फर्मानच.

निदानाचा आणि हिशेबाचा पेपर वेगळा केला तर बराच गुंता सुटेल. वर्गातली चाचणी शिक्षकासाठी राहू द्या, तिचे गुण वर मागूच नका, किंवा मागा तर त्यावरून कुणाला क्रमांक देऊ नका. राज्याला चित्र हवे तर 'परख'सारखी नमुना पाहणी शहरनिहाय करा, बाहेरचे तपासनीस पाठवून. सगळ्या मुलांना बसवण्याची गरज नाही. भात शिजला की नाही ते शितावरून कळते, हे आपण म्हणत आलोच आहोत.

"खासगी शाळा यातून कशा सुटल्या?"

पॅट सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांसाठी आहे. विनाअनुदानित शाळा त्यात नाहीत. परिणाम असा की घोडबंदर किंवा पाम बीच रोडच्या शाळेत मूल काय शिकते याचा जाहीर आकडाच नसतो आणि महापालिका शाळेचा कमी आकडा तेवढा चर्चेत येतो. पालक शिक्षण समजून फी, इमारत आणि इंग्रजी माध्यमाची पाटी विकत घेतात. नमुना पाहणीत सगळ्याच शाळा आल्या तर हा पक्षपात कमी होईल.

पाचवी-आठवीचे प्रकरण वेगळे

पॅट आणि पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा यांत पालकांची नेहमी गल्लत होते. २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि या दोन इयत्तांत परीक्षा घेऊन मुलाला थांबवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने ती २०२३-२४ पासून वापरली. मूल वार्षिक परीक्षेत मागे पडले तर त्याला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा मिळते. त्यातही जमले नाही तर त्याच वर्गात बसावे लागते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता मात्र येत नाही.

मला यातली एक गोष्ट सलते. पाचवीत थांबवलेल्या मुलाची अडचण बहुधा दुसरी-तिसरीतली असते. तीन वर्षे पायाभूत चाचणीत ती दिसत असेल आणि कुणी काही केले नसेल, तर शिक्षा झाली ती एकट्या मुलाला.

पालकांच्या हातात काय आहे

प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे कायदा सांगतो. बऱ्याच ठिकाणी ही समिती सहीपुरती उरली आहे, पण बैठकीत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यायचा हक्क तिथे आहे. शाळेचा क्रमांक कितवा, हे विचारू नका. पायाभूत चाचणीत कुठल्या प्रश्नांवर वर्गातली बरीच मुले अडली, त्यांच्यासाठी आठवड्यात कुठल्या तासाला काय चालू आहे, आणि संकलित १ मध्ये त्याच प्रकारच्या प्रश्नांवर काय दिसले, हे विचारा. रिकामी पदे किती आणि ती भरावीत म्हणून महापालिकेच्या शिक्षण विभागाला शाळेने शेवटचे पत्र कधी पाठवले, तेही विचारा. पत्र गेले नसेल तर समितीचा ठराव करून पाठवायला लावा.

आणि घरी येऊन मुलाला किती गुण मिळाले हे विचारण्याआधी वर्गशिक्षकांकडे त्याची उत्तरपत्रिका बघायला मागा. ती शाळेतच तपासली जाते. बाईंच्या शेजारी बसून दहा मिनिटे पाहिलीत, तर त्याने ४७५ लिहिले होते की ३३५, ते तुम्हाला दिसेल.